बाजूला उभी असलेली

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या प्रयत्नालाही लाल दिवे लागले आणि काचवाली स्पर्धेतून बाद झाली. बारवर एकशे साडेसदतीस किलो होते. तिन्ही वेळा तिने ते खांद्यावर घेतले, खाली बसली, उठली. एकदाही पाय लटपटला नाही, पाठ वाकली नाही. तरी तीन पंचांपैकी एकानेही पांढरा दिवा दिला नाही. निवेदकाने तिचा क्रमांक वाचला, बाद म्हणून जाहीर केलं आणि त्याच सुरात पुढचा क्रमांक पुकारला.

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात. बार खांद्यावर घेऊन मारायची बैठक, आडवं पडून छातीवरून ढकलायचा बेंच आणि जमिनीवरून उचलायचा डेडलिफ्ट. तिन्हींतल्या सर्वांत मोठ्या वजनांची बेरीज म्हणजे टोटल. एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न फुकट गेले की टोटल नाही, मग बाकीच्या दोन प्रकारांत तुम्ही डोंगर उचला. त्या दिवशी तिच्या वजनगटातून विभागाच्या संघात एकच जागा भरायची होती. काचवालीला चाळिसावं लागायला थोडेच महिने उरले होते. त्यानंतर ती ज्येष्ठांच्या गटात जाणार, आणि ज्येष्ठांचा संघ कुठे पाठवत नाहीत. थोडक्यात, ही तिची शेवटची संधी होती आणि ती जागा तिचीच, असं तिच्यासकट सगळी जिम धरून चालली होती.

तिला काचवाली म्हणायचं कारण सरळ होतं. ती खिडक्यांच्या काचांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर काम करायची. संध्याकाळी जिममध्ये यायची ती हातावरचे बारीक ओरखडे घेऊन. बार हातात धरताना ती खडूची पूड जपून लावायची, कारण ती ओरखड्यांत गेली की झोंबते.

बाद झाल्यावर ती आधी रडली नाही, आधी भांडायला गेली. उजव्या बाजूच्या खुर्चीवर एक वयस्कर बाई पंच होत्या. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, गालात खोकल्याची गोळी. मधल्या सुट्टीत काचवालीने त्यांना गाठलं आणि विचारलं, की वजन एवढं सहज वर आलं, मग लाल कशासाठी. बाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"वर आलं, अगदी झकास आलं. पण तू खाली गेलीच नाहीस. चार बोटं वर होतीस. तिन्ही वेळा."

"चार बोटं कशी असतील? मी रोज एवढीच जाते."

"तेच वाटलं मला," बाई म्हणाल्या. "चुकून वर राहणारी बाई दुसऱ्या वेळी खाली जायचा प्रयत्न तरी करते. तू तिन्ही वेळा अगदी एकाच जागी थांबलीस. कुणी तुला ती जागा खाली म्हणून शिकवली, त्याला जाऊन विचार."

उत्तर काचवालीला माहीत होतं, आणि ते त्याच वेळी दहा पावलांवर, सरावाच्या जागेत, पट्टा आवळून तयार होत होतं. तिची धाकटी जाऊ. त्याच वजनगटात, फक्त पुढच्या तुकडीत.

दोन भाऊ, दोन मजले, एक जिना असं ते घर होतं. थोरली खाली, धाकटी वर. धाकटी औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर काउंटरमागे उभं राहून लोकांना 'पडेल हो फरक' म्हणायचं तिच्या अंगवळणी पडलं होतं. काचवालीनेच तिला जिममध्ये आणलं. तिच्या पहिल्या बैठकीला मागे उभं राहून तिच्या काखेखाली हात धरणारीही तीच. धाकटी तिला 'ताई' म्हणायची, आणि चारचौघांत मस्करीच्या लहरीत असली की 'जाऊबाई, जोरात'.

जिम एका गोदामाच्या तळघरात होती आणि तिथे शिकवणाऱ्या मास्तरांचे दोन कायदे होते. आरसा नाही आणि फोन नाही. आरशात बघितलं की मान वळते, मान वळली की पाठ वळते, असं मास्तरांचं म्हणणं. फोनबद्दल त्यांचं म्हणणं याहून कडक होतं, त्यामुळे फोन दाराशी एका पत्र्याच्या पेटीत जायचे. मग बैठक पुरेशी खाली गेली की नाही, हे कळायचं कसं? जी बैठक मारते तिला स्वतःला ते दिसत नाही. मांडीचा सांधा गुडघ्याच्या खाली गेला पाहिजे, आणि तो बघायला बाजूला गुडघ्यांवर हात टेकून वाकावं लागतं. म्हणून मास्तरांच्या जिममध्ये प्रत्येकाचा एक साथीदार असायचा. बैठक संपली की साथीदाराने एकच शब्द बोलायचा. 'गेली' किंवा 'राहिली'. वाद घालायचा नाही, दुसऱ्याला विचारायचं नाही. हा कायदा मास्तर स्वतः मोडत नसत. पूर्वी ते खुर्चीवर बसल्याबसल्या चोरून बघायचे, पण त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि प्लेटवरचा आकडाही त्यांना जवळ जाऊन वाचावा लागायचा.

काचवालीची साथीदार धाकटी होती. हे वेगळं ठरवायची गरजच पडली नव्हती.

थंडी संपता संपता प्रोग्राम निवडायची वेळ आली. स्पर्धेआधीचे साडेतीन महिने कुठल्या दिवशी किती वजन, किती वेळा, हे सगळं आधी आखून घ्यायचं असतं, आणि एकदा आखलं की मध्येच बदलता येत नाही. बदललं तर दोन्हींतलं काहीच पदरात पडत नाही. काचवालीपुढे दोन प्रोग्राम होते.

एक मास्तरांचा. हलकं वजन, ढीगभर बैठका, आणि प्रत्येक बैठकीत अगदी तळाला पोचल्यावर एक श्वासभर थांबायचं. जिममधली पोरं त्याला 'शिक्षा' म्हणायची. आठवडेच्या आठवडे काही वाढल्यासारखं वाटायचं नाही.

दुसरा धाकटीने आणला होता. दुकानात नेहमी येणाऱ्या एका खेळाडूकडून तिने तो मिळवला होता. त्यात दर आठवड्याला जड, आणखी जड. पण सगळी वजनं एका आकड्यावरून काढायची होती, तुमच्या आजच्या सर्वांत मोठ्या बैठकीवरून. तो आकडा चुकला की पुढचं सगळं चुकलं.

मास्तर म्हणाले, वाद कशाला, चाचणी घेऊ. ती म्हणते तसे तिच्या पायांत एकशे चाळीस किलो खरोखर असतील तर तिने जड घ्यावा. नसतील तर मुकाट्याने शिक्षा भोगावी.

त्या संध्याकाळी जिममध्ये सगळे हातातलं टाकून बघायला जमले. आदल्या स्पर्धेतली तिची बैठक होती एकशे पंचवीस. तिने एकशे चाळीस खांद्यावर घेतले, दोन पावलं मागे आली, खाली बसली आणि उठली. उठताना मध्ये जरा अडली, पण उठली. बार जागेवर ठेवून ती वळली आणि बाजूला वाकलेल्या धाकटीकडे बघितलं. मास्तरही त्याच दिशेने बघत होते, त्यांना तिथे एक धूसर आकृती दिसत असावी.

धाकटी सरळ झाली. गुडघ्यांवरचे हात काढले.

"गेली," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. मास्तरांनी खांदे उडवले आणि म्हणाले, मग घे तुझं ते जड.

त्या प्रोग्रामने काचवाली फुलून आली. दर आठवड्याला बारवर नवीन आकडा, दर आठवड्याला 'गेली'. ती कारखान्यातही ताठ चालायला लागली. नवरा म्हणाला, हल्ली तू दारातून आडवी यायला लागलीस, चौकट रुंद करून घेऊ का. एकदाच मिठाचा खडा पडला. धाकटी तापाने झोपली होती म्हणून बसचा ड्रायव्हर असलेला एक जण बाजूला उभा राहिला, आणि त्याने पहिल्याच बैठकीला 'राहिली' म्हटलं. दुसऱ्या बैठकीलाही तेच. काचवालीने कायदा मोडून त्याच्याशी वाद घातला. बाईमाणूस आपल्यापेक्षा जास्त उचलतं हे त्याला खुपतंय, असं ती घरी जेवताना म्हणाली. ड्रायव्हरने पुन्हा तिच्या बाजूला उभं राहायचं नाही म्हणून कानाला खडा लावला. दोन दिवसांनी ताप उतरलेली धाकटी परत आली आणि बैठका पुन्हा 'गेल्या'.

धाकटीचं स्वतःचं काही खास चाललेलं दिसत नव्हतं. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात म्हणायची, थोडं काहीतरी करायची आणि ताईच्या बाजूला येऊन वाकायची. काचवालीला तिची कीव यायची. या वर्षी मला जाऊ दे, पुढच्या वर्षी तुझ्यामागे मी उभी राहते, असं तिने तिला सांगूनही ठेवलं होतं.

आता, बाद झाल्यावर, काचवाली प्रेक्षकांतल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि धाकटी बारखाली शिरत होती. एकशे वीस. ती खाली गेली, पार खाली, आणि तळाला एक श्वासभर थांबली. मग उठली. तीन पांढरे. पुढे एकशे साडेसत्तावीस, तीन पांढरे. एकशे साडेबत्तीस, तीन पांढरे. प्रत्येक वेळी तळाला तोच एक श्वास, जो स्पर्धेत कुणी मागत नाही. तो फक्त एकाच ठिकाणी शिकवतात.

काचवालीने मान वळवली. मास्तर शेजारीच बसले होते, हात काठीवर.

"मास्तर, ही तुमची बैठक आहे."

"मग कुणाची असणार?"

"कधी शिकली?"

मास्तरांनी तिच्या दिशेने तोंड वळवलं. "कधी म्हणजे? सकाळी येते की. तू कारखान्यात गेलीस की येते. थंडी संपल्यापासून." मग त्यांच्याच काहीतरी लक्षात आलं. "तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, ताईला माहीत आहे."

संध्याकाळपर्यंत धाकटीचं टोटल झालं तीनशे साडेसत्याहत्तर. गटात पहिली. काचवालीने बेंच बघितला, डेडलिफ्ट बघितला, बक्षीस देताना टाळ्याही वाजवल्या, कारण न वाजवल्या असत्या तर लोक तिच्याकडे बघत बसले असते. मग दोघी मास्तरांना घेऊन कारखान्याच्या गाडीने घरी निघाल्या. येतानाही दोघी त्याच गाडीने आल्या होत्या. मागे काचा उभ्या करायच्या रिकाम्या चौकटी खडखडत होत्या. मास्तरांना त्यांच्या दारात उतरवलं. उतरल्यावर मास्तर गाडीचं दार हातात धरून थोडा वेळ उभे राहिले, मग ते लावून गेले.

"सकाळी जात होतीस," काचवाली म्हणाली.

"हो."

"तुझ्या नवऱ्याला माहीत होतं?"

"तेच सोडायचे, ताई."

काचवालीने गाडी वळवली. मग बरंच काही एकदम बाहेर आलं. साडेतीन महिने एका जिन्याने वर-खाली करतेस, एका भांड्यातला चहा पितेस, माझे घामाचे कपडे तुझ्या कपड्यांबरोबर धुतेस, आणि एवढी गोष्ट पोटात ठेवतेस. धाकटी खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. मधेच म्हणाली, प्रोग्राम मी आणला, पण निवडलात तुम्ही.

"तुझ्या एका शब्दावर निवडला मी तो. त्या दिवशी तुला काय दिसलं होतं? खरं सांग."

धाकटीने मांडीवरची बॅग पायाशी ठेवली.

"वर राहिला होतात. बऱ्याच."

"मग?"

"मग तुम्ही वळून बघितलंत. सगळे बघत होते. मी 'राहिली' म्हणायलाच तोंड उघडलं होतं, खरंच सांगते. तुम्हाला तुमचा चेहरा कसा दिसतो ते माहीत नाही, ताई. पुढे ड्रायव्हरने राहिली म्हटलं तर घरात दोन दिवस भांडी आपटत होती. मी म्हटलं असतं तर? मला तिथेच राहायचंय, वरच्या मजल्यावर. आणि एकदा गेली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी राहिली कशी म्हणू? पहिल्या दिवशीचं कुठे ठेवू?"

यात खोटं काही नव्हतं. काचवालीला ती भांडी आठवत होती. कदाचित तिने हे एवढंच ऐकून घरापर्यंत गाडी नेली असती, आणि काही महिन्यांनी दोघी त्यावर हसल्याही असत्या. पण जी बाई रोज सेंटिमीटरचे दहावे भाग मोजून काच कापते, तिला मधली फट दिसल्याशिवाय राहत नाही.

"माझ्या भीतीने मला खोटं सांगितलंस, ते समजलं. पण मग तू स्वतः मास्तरांकडे का गेलीस?"

धाकटी आता तिच्याकडे वळली. आवाज अगदी साधा होता, दुकानात गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतात तसा.

"मला दिसत होतं ना, ताई. जड वजनाने तुमचं काय होतंय ते. दर आठवड्याला थोड्या आणखी वर. ते बघून मला कळलं, आपण हे करायचं नाही."

घर आलं. धाकटी आधी उतरली. जिन्याच्या पायथ्याशी थांबून म्हणाली, तुमची बॅग मी वर नेऊन धुवायला टाकू का. काचवालीने बॅग दिली नाही.

घरातल्यांनी आपापल्या परीने सारवासारव केली. धाकटा दीर म्हणाला, मला वाटलं वहिनीला माहीत आहे. काचवालीच्या नवऱ्याला खरोखर माहीत नव्हतं. त्याने ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, की शेवटी जागा घरातच आली म्हणायची. त्या रात्री तो वेगळ्या खोलीत झोपला. हा निर्णय त्याचा नव्हता.

सोमवारी काचवाली जिममध्ये गेली. बायकांचं भांडण बघायला मिळेल म्हणून जरा जास्तच गर्दी होती. धाकटी आली नव्हती. मास्तरांनी तिची माफी मागितली. कशाची ते त्यांनाही नीट सांगता येईना. डोळ्यांची, म्हणाले. ती म्हणाली, डोळ्यांचं काय, चांगले डोळे होते त्यांनी काय दिवे लावले. मग ड्रायव्हरपाशी गेली. तो पाठ करून बेंचवर प्लेटी चढवत होता.

"बाजूला उभा राहतोस का?"

"नको बाई. मला बस चालवायची आहे, दोन्ही कानांनी ऐकू यायला हवं."

"शब्द काढणार नाही. राहा."

तो आला. तिने शंभर किलो लावले. 'राहिली'. नव्वद लावले. पुन्हा 'राहिली', आणि ड्रायव्हर एक पाऊल मागे सरकला. तिने शब्द काढला नाही. ऐंशी किलोवर ती खाली गेली, नेहमीच्या जागी थांबली आणि मग, त्या जागेच्या खाली काहीच नाही असं वाटत असताना, आणखी खाली गेली. तिथे मांड्या थरथरल्या, टाच उचलली गेली आणि ती जवळजवळ बसलीच. कशीबशी उठली.

"गेली," ड्रायव्हर म्हणाला. जिममध्ये कुणी टाळी वाजवली नाही.

तिची खरी बैठक ऐंशी किलो. साडेतीन महिन्यांपूर्वी ती एकशे पंचवीस होती, पंचांनी पांढरे दिवे दिलेली. म्हणजे जागा तर गेलीच, पण होतं तेही गेलं. मास्तर म्हणाले, पाय तेच आहेत, फक्त रस्ता विसरलेत, परत शिकवता येतील. किती दिवस लागतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

गुरुवारी विभागाच्या संघाच्या व्यवस्थापकाचा फोन तिला कारखान्यात आला. टेबलावर अर्धी कापलेली काच होती. गृहस्थ मोठे उत्साही होते. त्यांनी आधी तिच्या जावेचं कौतुक केलं, मग त्या दिवशी तुमचं फार वाईट झालं म्हणाले, आणि मग मुद्द्यावर आले. संघातल्या प्रत्येक खेळाडूबरोबर एक साथीदार नेता येतो. शिबिरातही आणि स्पर्धेतही. सरावात बाजूला उभं राहायचं, स्पर्धेत पहिलं वजन किती सांगायचं, दुसरं किती, हे सगळं त्या साथीदाराकडे. तुमच्या जावेने दुसरं नाव सुचवायलाच नकार दिला आहे, तेव्हा तुमचा होकार समजू का.

काचवालीने विचारलं, हे तिने स्वतः सांगितलं का.

"अहो, म्हणाल्या की ताई खोटं बोलणार नाहीत, मला त्याच हव्यात."

ती म्हणाली, उद्या सांगते. व्यवस्थापक म्हणाले, उद्या दुपारपर्यंत चालेल, त्यानंतर नावं पुढे जातात.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वरच्या मजल्यावर दिवा होता. जिन्यात कुणी नव्हतं. हो म्हटलं तर शिबिरात धाकटी वळून बघणार आणि 'गेली' की 'राहिली' ते काचवाली म्हणणार. दुसऱ्या दिवशी दुपारी व्यवस्थापकांनी पुन्हा फोन केला. तो वाजत राहिला. कापणीच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सांगितल्याप्रमाणे, काचवाली तिथेच उभी होती आणि फोनकडे बघत होती. संघाची नावं अजून बाहेर आलेली नाहीत.